हिंदचा दर्यावर्दी कॉस्मस

अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस हा सहाव्या शतकांत होऊन गेला. इ. स. ३८० मध्यें रोमन साम्राज्याचा राजधर्म झालेला ख्रिस्ती धर्म तोंवर व्यापारी गलबतांबरोबर सीमेपलीकडेही पोहोंचला होता. कॉस्मसानें तांबड्या समुद्रांतून दूरवर सफरी केल्या व सुमारें ५५० सालीं ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे हें त्यांतील मत चुकीचें ठरलें. परंतु ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमिलेला बिशप आहे, ही नोंद अमोल ठरली. हें गांव म्हणजे ठाण्याजवळील कल्याण, असें अनेक विद्वान मानितात. आपला धर्म १४९८ नंतर पोर्तुगिजांनींच प्रथम आणिला, असें म्हणणाऱ्यांस हेंच उत्तर. त्यांच्याही साडेनऊशें वर्षें आधीं ह्या भूमींत प्रार्थना करणाऱ्या त्या अज्ञात भाविकांचें ज्युबिलीच्या दिवशीं आपण कृतज्ञतेनें स्मरण करूं या.