नारायण वामन टिळक

मुलांनो, कोपरगावच्या स्टेशनवरून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? पुणतांबे, राहुरी अशी स्टेशने मागे टाकीत ती गाडी नगरला पोहोचते. नगर म्हणजे त्या काळचे अहमदनगर आणि आजचे अहिल्यानगर. या नगरात सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक मोठे कवी राहत होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या सुंदर कविता लिहिल्या की लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. पण आज तुम्हांला त्यांची दुसरी ओळख करून घ्यायची आहे. माणसामाणसांत उच्च-नीच मानणाऱ्यांशी ते आयुष्यभर झगडले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांची आई जानकीबाई यांना कवितेची आवड होती. तीच आवड मुलात उतरली. पुढे नाशिकला त्यांचे शिक्षण झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला.

टिळक विद्वान होते. पण त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. देव एक आहे आणि सगळी माणसे त्याची लेकरे आहेत, तर मग एका माणसाच्या हातचे पाणी दुसऱ्याला का चालू नये, हा प्रश्न त्यांना छळत होता. जातिभेद नसलेला धर्म ते शोधत होते.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्या काळी इंग्रजांचे राज्य होते. गोरा माणूस हिंदी माणसाशी नीट बोलेल, अशी कोणाची अपेक्षा नसे. पण या प्रवाशाने टिळकांना सरकून जागा दिली. त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या. निरोप घेताना त्याने त्यांच्या हातात ‘नवा करार’ हा ख्रिस्ती धर्मग्रंथ ठेवला.

आता दुसऱ्या एका गाडीची हकीकत ऐका. त्याच वर्षी, जून १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलाला पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर रात्रीच्या थंडीत डब्याबाहेर काढण्यात आले. त्यांच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते. पण त्यांचा रंग गोरा नव्हता. तिथले गोरे राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. एकाच धर्माची माणसे एका गाडीत जागा करून देतात आणि दुसऱ्या गाडीत जागा हिसकावून घेतात, हे कसे? विचार करा. धर्म काय शिकवतो आणि त्याचे नाव घेणारे काय करतात, यांत अंतर पडू शकते. ते अंतर मिटवण्यासाठीच टिळक पुढे झटले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. आप्तांनी त्यांना दूर केले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, तरी सुरुवातीला त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंनाच उमगले, की हा भेद देवाने केलेला नाही. तो माणसाने केला आहे. त्यांनी तो मनापासून सोडला. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात या दांपत्याने अनाथ मुलांना आपल्या घरात आसरा दिला. त्या मुलांची जात कोणी विचारली नाही. ही सारी हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले. टिळक हे उपकार विसरले नाहीत. पण त्यांना एक गोष्ट खटकू लागली. मिशनमध्ये गोरा साहेब मायबाप आणि हिंदी ख्रिस्ती त्याचा पगारी नोकर, असे नाते झाले होते. जात मोडून आलेल्या माणसांत रंगाची नवी उतरंड उभी राहत होती. ख्रिस्तापुढे सगळे भाऊ असतील, तर एक भाऊ धनी आणि दुसरा चाकर कसा? टिळकांनी हे स्पष्टपणे मांडले. पण त्यांनी गोऱ्यांचा द्वेष केला नाही. मालक म्हणून नको, भाऊ म्हणून या, एवढेच त्यांचे मागणे होते.

ते नुसते बोलून थांबले नाहीत. ख्रिस्ती होण्यासाठी साहेबी पोशाख किंवा परकी चाल लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी ख्रिस्ती भजने आणि अभंग लिहिले, कीर्तने केली. मराठी चर्चमध्ये त्यांची गीते आजही गायिली जातात. त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली. हाती ठेव नाही. अशा वेळी त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दरबार हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. राजाच्या दरबारात मानाच्या जागा ठरलेल्या असतात. या दरबारात मात्र गोरा-काळा, ब्राह्मण-महार असा भेद नव्हता. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

हे काम पुरे करायला त्यांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी हाती घेतलेले महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

त्यांचे दुसरे अपुरे काम मात्र एकट्यादुकट्याने पुरे होणारे नाही. रंग, जात, धर्म किंवा भाषा पाहून कोणाला दूर बसवले जात असेल, तर आपण काय करायचे? आगगाडीतल्या त्या अनोळखी प्रवाशाने फार मोठे काही केले नव्हते. तो फक्त थोडा बाजूला सरकला होता. तेवढे तर तुम्हीही करू शकता.