आयुष्यभर जाळीशिवाय तारेवर चालला, ७३ व्या वर्षी तारेवरूनच कोसळला

सर्कस म्हटलं की पुण्याचे दामू धोत्रे आठवतात. अमेरिकेतल्या ज्या रिंगलिंग सर्कशीत त्यांनी वाघ-सिंहांचे खेळ गाजवले, त्याच सर्कशीत आणखी एक नाव मोठं होतं. कार्ल वॉलेंडा.

१९०५ साली जर्मनीतल्या माग्डेबुर्गमध्ये त्याचा जन्म झाला. घराणंच सर्कशीचं. सहाव्या वर्षीच पोरगं खेळ करू लागलं. १९२२ मध्ये त्याने स्वतःचा संच उभा केला.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा पहिला खेळ होता आणि नेमकी खाली लावायची जाळी प्रवासात गहाळ झाली. हे लोक जाळीशिवायच वर चढले. पब्लिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे जाळी न लावणं हीच वॉलेंडांची ओळख बनली.

डोंबारी आडवा बांबू धरतो, तसाच लांब दांडा कार्लच्या हातात असायचा. वजन दोन्ही बाजूंना लांबवर पसरलं की शरीर पटकन कलंडत नाही, तोल सावरायला वेळ मिळतो.

१९४७ मध्ये त्याने सात जणांचा मनोरा बसवला. तारेवर चौघं, त्यांच्या खांद्यांवरच्या दांड्यांवर दोघं आणि सगळ्यात वर खुर्चीत एक बाई. थोडक्यात, तारेवरची दहीहंडी. ३० जानेवारी १९६२ ला डेट्रॉइटमध्ये हा मनोरा ढासळला. कार्लच्या जावयासह दोघे गेले, दत्तक मुलगा कमरेखाली कायमचा अधू झाला. तरी दुसऱ्याच दिवशी वॉलेंडा पुन्हा तारेवर होते.

१९७० मध्ये, पासष्टीत, त्याने जॉर्जियातली टल्लुलाह दरी तारेवरून ओलांडली. वाटेत दोनदा डोक्यावर उभा राहिला.

२२ मार्च १९७८. पोर्तो रिकोतलं सान हुआन. एका हॉटेलच्या दोन दहा मजली इमारतींमध्ये तार बांधली होती, जमिनीपासून १२१ फुटांवर. समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. मध्यावर कार्ल डगमगला, खाली बसू लागला आणि हात सुटला. कॅमेरे चालूच होते.

घरच्यांच्या मते दोष वाऱ्याइतकाच तार ताणून धरणाऱ्या दोरांचा होता. ते नीट बांधलेले नव्हते, म्हणून तार हलत राहिली. एवढी वर्षं तोल सांभाळलेल्या माणसाचा घात चुकीच्या बांधणीने केला.

२०११ मध्ये पणतू निक आणि त्याच्या आईने त्याच दोन इमारतींमधलं ते अंतर पार केलं. कार्लची अर्धवट राहिलेली वाट घरच्यांनी पूर्ण केली.