पोटमाळ्यावरचं युद्ध

दावोस म्हटलं की आज आपल्याला सुटाबुटातले नेते आणि जागतिक आर्थिक परिषदेचे फोटो आठवतात. १८८१ च्या हिवाळ्यात मात्र स्वित्झर्लंडमधलं हे गाव छातीच्या पेशंट्सचं गाव होतं. डॉक्टरांनी थंड, कोरडी हवा सुचवली की युरोपभरातून खोकणारी माणसं इथे यायची, महिनोन् महिने राहायची. काही बरी होऊन परत जायची, काही नाही. अशाच एका भाड्याच्या लाकडी घराच्या पोटमाळ्यावर एक हाडकुळा स्कॉटिश माणूस मेणबत्तीच्या उजेडात गुडघे टेकून बसायचा. वर जायला डुगडुगती शिडी. एकच खिडकी, तीही बर्फाने धुरकटलेली. छत इतकं खाली की ताठ उभं राहायची सोय नाही. समोर जमिनीवर रंगीत खडूंनी काढलेला अख्खा देश, त्यावर टिनचे सैनिक, आणि पलीकडे शत्रुपक्षाचा सेनापती. वय साधारण बारा-तेरा.

मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. 'ट्रेझर आयलंड'वाला. 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'वाला. आणि तो मुलगा त्याचा सावत्र मुलगा, लॉइड ऑसबॉर्न.

आज हॉस्टेलच्या रूममध्ये टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकून, चार मित्र महिनाभर एकच काल्पनिक युद्ध लढत असतील तर त्याला आपण 'कॅम्पेन' म्हणतो. एक लढाई खेळली आणि विषय संपला, असं त्यात नसतं. कालच्या लढाईत जे मेले ते मेले, जो पूल उडाला तो उडालेलाच राहतो, आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात. हा प्रकार त्या पोटमाळ्यावर दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ पूर्ण तयार झाला होता. पण त्यासाठी आधी हा माणूस तिथपर्यंत पोहोचला कसा, ते बघायला हवं.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, एडिंबरातला. घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरांचं. आजोबांनी समुद्रातल्या बेल रॉक खडकावर दीपगृह उभं केलं, वडील थॉमस त्याच धंद्यात. एकुलता एक मुलगाही इंजिनिअर होणार हे ठरलेलंच. (हे वाक्य वाचून आपल्यापैकी किती जणांच्या पोटात गोळा आला असेल!) पण मुलाची छाती लहानपणापासून कमकुवत. हिवाळा आला की ताप, खोकला आणि अंथरूण. मग पांघरुणाच्या सुरकुत्यांचे डोंगर व्हायचे आणि त्यावरून शिशाचे सैनिक कूच करायचे. या आठवणीवर त्याने पुढे मुलांसाठी एक कविता लिहिली, ती इंग्रजी शाळांमध्ये आजही वाचली जाते.

एका हिवाळ्यात त्याचा चुलतभाऊ बॉब त्यांच्याकडे राहायला आला आणि दोघांनी आपापला एकेक देश काढला. बेटांचे देश, त्यांचे नकाशे, त्यांचं राजकारण. नाश्त्याला बसले तरी हाच खेळ. एकाच्या लापशीवर साखर, म्हणजे त्याचा देश बर्फाखाली गाडला जातोय. दुसऱ्याच्या लापशीत दूध, म्हणजे तिकडे पूर येतोय. नकाशा काढायचा आणि मग त्यात राहायला जायचं, ही सवय इथली.

मधला काळ भराभर सांगते. एडिंबरा युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश, तिथे मन नाही. मग तडजोड म्हणून कायदा. १८७५ मध्ये वकिलीची सनद मिळाली, वकिली अशी केलीच नाही. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये फॅनी ऑसबॉर्न भेटली. अमेरिकन, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, विवाहित, दोन मुलांची आई. ती कॅलिफोर्नियाला परत गेल्यावर १८७९ मध्ये हा घरच्यांना न विचारता बोटीने आणि पुढे स्थलांतरितांच्या गाडीने तिच्या मागे गेला. प्रवासाने तो मरता मरता वाचला. तिचा घटस्फोट झाला, मे १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लग्न झालं. हनिमून कुठे, तर बंद पडलेल्या चांदीच्या खाणीच्या ओसाड वस्तीवर. आणि सोबत लॉइड. बारा वर्षांच्या मुलाला आईच्या नव्या नवऱ्याबद्दल काय वाटत असेल याचा अंदाज आपण करू शकतो. या नवऱ्याने त्याच्याशी वडिलांसारखं वागायचा प्रयत्न फारसा केला नाही. तो त्याच्याशी खेळायला बसला.

१८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये ब्रेमारला मुक्काम होता. बाहेर अखंड पाऊस. घरात लॉइडचे रंग पडलेले. त्या खटाटोपातून एका बेटाचा नकाशा तयार झाला, त्यावर नावं पडली आणि नकाशाकडे बघता बघता माणसं दिसायला लागली. 'ट्रेझर आयलंड' हे असं, नकाशातून निघालं. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली आणि सोळाव्याला गाडी अडली. उरलेली कादंबरी त्याने दावोसला पुरी केली. तोवर ती ऑक्टोबर १८८१ पासून 'यंग फोक्स' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात टोपणनावाने छापून यायला लागलीसुद्धा होती. पुस्तक निघालं १८८३ मध्ये. गंमत म्हणजे प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा हरवला. मग कादंबरीतले सगळे उल्लेख तपासून, वडिलांच्या ऑफिसात बसून तो पुन्हा काढावा लागला. नकाशावरून गोष्ट लिहिणं मजेचं, गोष्टीवरून नकाशा काढणं म्हणजे नुसती हमाली, असा त्याचा अनुभव.

तर दावोस. सुरुवात साधीच होती. दोन्ही बाजूंना सैनिकांची एकेक रांग आणि मध्ये एक गोटी. ज्याचे जास्त पडले तो हरला. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे गोटी मारून पाडले असतील, तर हा टप्पा तुमचाही झालेला आहे. पण स्टीव्हन्सन तिथे थांबला नाही. त्याने युद्धशास्त्राची पुस्तकं आणली. दावोसमध्ये उपचार घेणारे आजारी लष्करी अधिकारी होतेच, त्यांच्याशी तो तासन् तास बोलायचा. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२० च्या दशकापासून नकाशावर 'क्रीगस्पील' नावाचा युद्धाचा खेळ खेळत होते, आणि १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर बाकीच्यांनीही तो मनावर घेतला होता. स्टीव्हन्सनच्या पोटमाळ्यावर त्याची घरगुती आवृत्ती तयार झाली.

नकाशावर डोंगर, नद्या, गावं, पूल आणि रस्ते. रस्त्यांचे दोन वर्ग, चांगला आणि वाईट. हवामान बिघडलं की रस्त्यांवरचा वेग कमी. सैन्य किती सरकलं हे फूटपट्टीने मोजायचं. चार सैनिकांची एक पलटण. तोफा सावकाश सरकणार आणि खर्चिकही असणार. पूल बांधता यायचे, उडवता यायचे. छावणीभोवती खंदक खणता यायचे. एक युद्ध सुरुवातीला काही तासांत संपायचं, ते पुढे काही आठवडे चालायला लागलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दारूगोळा. लॉइडकडे एक छोटं हातछपाईचं यंत्र होतं. त्यावर तो कार्यक्रमपत्रिका वगैरे छापून पॉकेटमनी कमवायचा. सावत्र बापाने लाकडात कोरलेली चित्रं आणि कविताही त्यावर छापल्या गेल्या. छपाईच्या खिळ्यांमध्ये मोकळी जागा सोडायला शिशाचे कोरे तुकडे घालतात, त्यांना 'एम' म्हणतात. तेच इथे काडतूस. एका गाडीत वीस तुकडे. एक गोळी झाडली की एक तुकडा मागच्या तळावर जमा करायचा, आणि नवा माल रिकाम्या गाड्या मागे नेऊनच, हळूहळू, आणायचा. मोठ्या फौजेत तीस पलटणी असल्या तर एका चकमकीत दीड गाडी फस्त. म्हणजे कितीही मोठं सैन्य पुढे घुसलेलं असू दे, पिछाडीच्या रस्त्यावर चार घोडेस्वार पोहोचले आणि रसद तुटली, की जिंकत आलेल्या सेनापतीला माघार घ्यावी लागायची. रसद तोडणे हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. इथे तो खेळाचा प्राण होता.

दुसरी युक्ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांची. समोरच्याचं सैन्य उघड्यावर दिसलं तर डावपेच कसले? म्हणून नकाशाभर नंबर घातलेले पत्ते ठेवलेले असायचे. एका पत्त्यामागे अख्खी फौज, दुसऱ्यामागे दारूगोळा ओढणारा एकटा घोडेस्वार, तिसऱ्यामागे काहीच नाही, नुसती हूल. ते ओळखायला टेहळणीचं घोडदळ पुढे पाठवायचं, आणि त्याचे नियम असे किचकट की पहिल्या डझनभर चाली चाचपडण्यातच जायच्या. घोडदळाला यश आलं तरी कळायचं इतकंच की रस्त्यात तोफा आणि पायदळ आहे. किती आहे, ते शत्रू गोळ्या झाडायला लागल्यावर मोजा. आणि शत्रूही हुशार, आपली संख्या लपवायला मुद्दाम कमी गोळ्या झाडायचा. कंप्युटर गेममध्ये नकाशाचा न बघितलेला भाग काळा दिसतो ना, तेच काम इथे पुठ्ठ्याने केलं.

सगळेच प्रयोग जमले नाहीत. टिनचे सैनिक कितीही मार खाल्ला तरी पळत नाहीत, हे स्टीव्हन्सनला खटकलं. मग फासे टाकून सैन्यात घबराट पसरवायचा नियम आला. दोन-तीनदा नीट आखलेली मोहीम एका फाशाने धुळीला मिळाल्यावर दोन्ही सेनापतींनी तो नियम गुपचूप रद्द केला. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. गोळी मारायची ती खरोखर, खेळण्यातल्या पॉपगनने, आणि त्यात लॉइडचा नेम भयंकर चांगला. एकीकडे पुस्तकं वाचून रचलेली मोहीम, दुसरीकडे एक शाळकरी पोरगा जो तिचे मोहरे टिपून पाडतोय. गोटी झाली, बटण झालं, कफलिंक झाली. काहीही वापरलं तरी पोरगाच सरस. यातून मार्ग निघाला नाही. माझ्या मते न निघाला तेच बरं झालं. मोठ्याकडे डोकं आणि छोट्याकडे नेम, म्हणून सामना बरोबरीचा राहिला. मुलाला खूश करायला मुद्दाम हरायची पाळी त्याच्यावर आली नाही.

आणि मग बातम्या! जर्नलिझमची स्टुडंट म्हणून मी इथे खुर्चीत सरसावून बसले. या युद्धाचे वृत्तांत स्टीव्हन्सनने एका वहीत लिहून ठेवले, काल्पनिक वर्तमानपत्रांच्या नावाने. पेपर बदलला की सूर बदलतो. तीच लढाई, पण कुणाचा विजय आणि कुणाचा मूर्खपणा हे छापणाऱ्यावर अवलंबून. जनरल ऑसबॉर्न यांच्यावरही टीकेचे आसूड ओढलेले. ज्याच्यावर टीका आहे तो जनरल शेजारीच बसून वाचतोय, आणि लिहिणारा स्वतः विरुद्ध पक्षाचा सेनापती! वर्तमानपत्र आणि सत्ता यांच्या संबंधांवर याहून छोटा कोर्स सापडणार नाही.

पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धाचे नियम छापले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये टोनी बाथने कॉनन या योद्ध्याच्या कथांमधलं जग नकाशावर मांडून मित्रांसोबत वर्षानुवर्षं कॅम्पेन चालवली, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. हे सगळे स्टीव्हन्सनचे शिष्य होते असं मी म्हणत नाही. घराणं एकच आहे, एवढंच.

दावोसनंतर स्टीव्हन्सनला प्रसिद्धी मिळाली. 'जेकिल अँड हाइड' आणि 'किडनॅप्ड' दोन्ही १८८६ चे. तब्येत तशीच. १८८७ मध्ये वडील गेले, त्याने इंग्लंड सोडलं, १८८८ मध्ये बोट भाड्याने घेऊन पॅसिफिकमध्ये निघाला आणि अखेर सामोआच्या उपोलू बेटावर वायलीमा इथे घर बांधलं. तिथे त्याला खरं युद्ध भेटलं. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांना त्या चिमुकल्या बेटांवर पकड हवी होती, आणि त्यांच्या ओढाताणीत सामोअन सरदार एकमेकांशी लढत होते. स्टीव्हन्सनने यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, लंडनच्या 'टाइम्स'ला पत्रं लिहिली, माताआफा या सरदाराची बाजू घेतली. १८९३ मध्ये माताआफा हरला आणि त्याला हद्दपार केलं गेलं. त्याच्या बाजूचे सरदार तुरुंगात गेले, तेव्हा स्टीव्हन्सन त्यांना भेटायला जात राहिला, वस्तू पोहोचवत राहिला. सुटल्यावर त्या सरदारांनी स्वतः राबून त्याच्या घरापर्यंत एक रस्ता बांधून दिला. पोटमाळ्यावर खडूने रस्ते काढणाऱ्या माणसाला मिळालेला हा खराखुरा रस्ता.

३ डिसेंबर १८९४ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय फक्त ४४. ज्या छातीची आयुष्यभर भीती होती, तिने मारलं नाही. सामोअन लोकांनी जंगल तोडून वाट केली आणि त्याला वाएआ डोंगराच्या माथ्यावर नेऊन पुरलं.

लॉइड तोवर मोठा झाला होता. दोघांनी मिळून तीन कादंबऱ्याही लिहिल्या होत्या. सामोआतल्या एका पेटीत त्याला एक जुनी, पिवळी पडलेली वही सापडली. तिच्यात कवितांचे तुकडे होते, गेलिक भाषेची क्रियापदं होती, एका कादंबरीच्या प्रकरणांची यादी होती, अर्धवट सोडलेलं मृत्युपत्र होतं. आणि वहीचा सगळ्यात मोठा भाग दावोसच्या पोटमाळ्यावरून आलेल्या युद्धाच्या बातम्यांनी भरला होता. डिसेंबर १८९८ मध्ये लॉइडने त्या 'स्क्रिब्नर्स' मासिकात छापायला दिल्या, सोबत खेळाचे नियम समजावून सांगत. आपला नेम जास्त चांगला होता, हेही त्याने त्यात आवर्जून नोंदवलं आहे.