शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सन

इंग्रजी पुस्तकांतील लांबलचक शब्द पाहून पुष्कळ विद्यार्थ्यांची छाती दडपते. अशांनीं डॉ. सॅम्युएल जॉन्सन याचें चरित्र अवश्य वाचावें. कारण त्यानें त्या भाषेचे ४२,००० हून अधिक शब्द एका कोशांत गोळा केले.

जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजीं इंग्लंडांतील लिचफील्ड गांवीं झाला. बाप पुस्तकविक्रेता होता, पण घरीं ओढग्रस्त असे. लहानपणीं गंडमाळेच्या विकारानें त्याची दृष्टि अधू झाली व अंगावर कायमचे व्रण राहिले. तरी दुकानांतील पुस्तकें तो अधाशासारखीं वाची. १७२८ सालीं तो ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. परंतु पैशाअभावीं सुमारें तेरा महिन्यांतच त्यास पदवीवांचून परतावें लागलें. पुढें त्यानें शाळा काढली, तीहि चालली नाहीं. तेव्हां १७३७ सालीं त्यानें लंडनची वाट धरली.

१७४६ सालीं तेथील प्रकाशकांनीं १,५७५ पौंड ठरवून कोशाचें काम त्याजकडे सोंपविलें. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनिसांसह त्यानें आरंभ केला. तो नामांकित ग्रंथ वाचून उपयुक्त वाक्यांवर खुणा करी आणि मदतनीस तीं वाक्यें उतरून घेत. तीन वर्षांत आटपेल असें वाटलेल्या कामास जवळजवळ नऊ वर्षें लागलीं. मध्यंतरीं, १७५२ सालीं, पत्नी वारली. लॉर्ड चेस्टरफील्ड याच्या आश्रयाची आशाहि फोल ठरली. कोश पुरा होत आल्यावर तो सरदार स्तुति करूं लागला. तेव्हां जॉन्सननें बाणेदार पत्र लिहून तो उशिराचा आश्रय नाकारला. १७५५ च्या एप्रिलांत कोश दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला. ज्या ऑक्सफर्डाहून तो रिक्तहस्तें परतला होता, त्याच विद्यापीठानें त्याच वर्षीं त्यास एम. ए. पदवी दिली.

या कोशांत नेटवर्क म्हणजे जाळीकाम हा सोपा शब्द समजावितांना त्यानें रेटिक्युलेटेड, डेकसेटेड, इंटरस्टिसेस व इंटरसेक्शन्स असे अवजड शब्द योजिले, म्हणून लोक त्यास हंसले. परंतु हे शब्द फोडून पाहावे. शेवटच्या दोहोंच्या आरंभीं इंटर हीं समान अक्षरें आहेत. लॅटिनमध्यें त्यांचा अर्थ मध्यें असा होतो. इंटरसेक्शन म्हणजे दोन रेषा एकमेकींस छेदितात तें स्थान. इंटरस्टिस म्हणजे मध्यें राहिलेली फट. रेटिक्युलेटेडच्या मुळाशीं लहान जाळें आहे, तर डेकसेटेडच्या मुळाशीं रोमन दहाचा फुलीसारखा आंकडा आहे. एवढें कळलें कीं डोंगरांतून साधें जाळेंच बाहेर येतें! संस्कृत उपसर्ग पाठ करणाऱ्या आपल्या मुलांस ही रीत परकी नाहीं.

इतका विद्वान असूनहि त्यानें पास्टर्न या शब्दाचा अर्थ चुकविला. तो घोड्याच्या खुरावरील भाग. यानें गुडघा लिहिला. एका बाईनें कारण विचारतां त्यानें सबब न सांगतां, निव्वळ अज्ञानानें तसें झालें, असें कबूल केलें.

१७६२ सालीं राजानें त्यास ३०० पौंडांचें वर्षासन दिलें व १७६५ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें डॉक्टर ही पदवी अर्पिली. १३ डिसेंबर १७८४ रोजीं तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याची समाधि आहे.

विद्यार्थिमित्रहो, मोठा शब्द दिसतांच पान उलटूं नका. त्याचे अवयव ओळखा, कोश उघडा. आणि न कळल्यास तसें मोकळेपणानें सांगण्यास लाजूं नका.