डोळ्याची तुटलेली नस पुन्हा का वाढत नाही? शंभर वर्षांपूर्वी हे शोधणारे काहाल

शहागडहून काचबिंदू दाखवायला छत्रपती संभाजीनगरला जा नाहीतर मुंबईला, डॉक्टर एकच सांगतात. थेंब घालून उरलेली नजर राखता येईल, गेलेली परत येणार नाही. मोतीबिंदूत भिंग बदलता येतं. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, सुकत जाते. ती पुन्हा का वाढत नाही, याचा खोलात जाऊन अभ्यास केला तो स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी.

काहाल यांचा जन्म १८५२ चा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. डॉक्टर असलेल्या वडिलांना ते पसंत नव्हतं. त्यांनी पोराला कधी न्हाव्याकडे, कधी जोडे शिवणाऱ्याकडे कामाला लावलं आणि शेवटी शरीरशास्त्राकडे वळवलं. पुढे सैन्यात डॉक्टर म्हणून क्यूबाला गेले आणि मलेरिया घेऊन परतले.

१८८७ मध्ये त्यांनी इटलीच्या गोल्जी यांची चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत पाहिली. ती सुधारून त्यांनी दाखवलं, की मेंदू म्हणजे एकसंध जाळं नाही, सुट्या पेशी आहेत. चित्रकलेचा हात इथे कामी आला. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. गंमत म्हणजे गोल्जी यांनी आपल्या नोबेल भाषणातच काहाल यांचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला!

त्यानंतर काहाल तुटलेल्या नसांकडे वळले. हातापायाची नस हळूहळू पुन्हा वाढू शकते. डोळ्याची नस मात्र मेंदूचाच भाग. तिथे त्यांना दिसलं, की तुटलेल्या तंतूंना कोंब फुटतात, पण थोडं वाढून ते थांबतात. म्हणजे वाढायची ताकद अगदीच नसते असं नाही, आसपासची साथ मिळत नाही. त्यांचे शिष्य तेयो यांनी सशाच्या कापलेल्या ऑप्टिक नर्व्हला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा तंतू त्यात शिरले.

हे सगळं काहाल यांच्या १९१३-१४ च्या ग्रंथात आहे. अर्जेंटिनातल्या स्पॅनिश डॉक्टरांनी त्याचा खर्च उचलला. प्रौढ मेंदूच्या वाटा ठरून गेलेल्या असतात, हा त्यातला निष्कर्ष जगाने लक्षात ठेवला. पुढचं विज्ञान हे बदलू शकेल, ही त्यालाच जोडलेली आशा मात्र बरीचशी मागे पडली.

१९३४ मध्ये माद्रिदला काहाल गेले. १९८० च्या दशकात कॅनडात अल्बर्ट आग्वायो यांच्या गटाने तेयोंच्याच वाटेने उंदरांवर प्रयोग केले आणि डोळ्यातले काही तंतू मेंदूपर्यंत पोहोचले. माणसासाठी तसा उपचार अजून निघालेला नाही.