चांदवडी रुपया : अहिल्याबाईंच्या काळात ‘आपल्या भागाचे’ नाणे कसे चालायचे?

नांदगावहून मनमाड ओलांडून पुढे गेले की चांदवड येते. पर्यटक तिथे होळकरांचा रंगमहाल पाहायला थांबतात. याच गावात टांकसाळही होती, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. तिथल्या नाण्याला लोक चांदवडी रुपया म्हणत. त्यावर टांकसाळीचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ आणि बादशहाचे नाव शाह आलम. सत्ता मराठ्यांची, नाव दिल्लीचे! ओळखीचा छाप असला की नाणे बाजारात खपायचे, एवढाच त्याचा अर्थ.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीला झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि वर्षभरातच मुलगा मालेरावही. १७६७ मध्ये दौलतीचा कारभार त्यांच्या हाती आला आणि महेश्वर राजधानी झाली.

महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचे पान दिसते. त्यांनी तिथे विणकर वसवले, घाट आणि मंदिरे बांधली. गवंड्याची मजुरी, विणकराचे मोल जवळच्या टांकसाळीच्या नाण्यात मिळाले, की तो पैसा बराचसा त्याच पेठेत फिरतो. आजच्या स्थानिक चलनांमागचा विचारही हाच आहे. ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने १९३२ मध्ये स्वतःच्या नोटा काढून रस्त्यांची कामे केली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या मध्यवर्ती बँकेने त्या बंद पाडल्या.

मग अडचण कुठे होती? बट्ट्यात. पुण्याकडे अंकुशी, इकडे चांदवडी, इंदूरला आणखी वेगळा रुपया. वजन आणि चांदीचा कस सारखा नसे. परक्या भागात नाणे बदलताना सराफ बट्टा कापून घेई. व्यापारी तो मालाच्या भावात धरून मोकळा व्हायचा. शेतकऱ्याला धान्याचे पैसे एका नाण्यात मिळाले आणि सारा दुसऱ्या नाण्यात भरायचा असला, तर फरक त्याच्याच पदरचा. स्थानिक नाण्याचे कौतुक करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला अहिल्याबाईंचे निधन झाले. १८१८ च्या मंदसौर तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख, चांदवडसह, इंग्रजांकडे गेला. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया आणला. चांदवडी रुपया आता नाणेसंग्राहकांकडे सापडतो. महेश्वरचे माग अजून चालू आहेत.