जुना तानपुरा घेताय? नक्षी नको, आधी दांडी बघा. अब्दुल करीम खाँ यांचे आयुष्य काय सांगते?

ताडकळस (जि. परभणी) : गाणे शिकणाऱ्या मुलाचे मोबाइलमधल्या तानपुरा ॲपवर काही दिवस भागते. पुढे खरा तानपुरा हवासा वाटतो. नवा महाग पडतो, म्हणून कुणाच्या घरातला जपून ठेवलेला जुना शोधला जातो. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, नक्षी चकाकत असते आणि व्यवहार ठरतो. वाद्य घरी आल्यावर मात्र आवाज बसका निघतो किंवा खुंटी फिरते. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात ते दुरुस्त करणारा कारागीर सहज मिळत नाही.

मग जुने वाद्य पारखायचे कसे? उस्ताद अब्दुल करीम खाँ केवळ थोर गवई नव्हते. वाद्य उघडून दुरुस्त करणारा हातही त्यांच्याकडे होता. त्यांच्या आयुष्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

कैरानाहून मिरजेपर्यंत

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव कैराना, आजच्या उत्तर प्रदेशातले. याच गावावरून त्यांच्या गायकीला किराणा घराणे हे नाव पडले. घरात गाण्याबरोबर सारंगी आणि बीनही होती, त्यामुळे वाद्यांशी लहानपणापासूनच ओळख झाली.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले. या नात्याला विरोध झाला आणि दोघांनी बडोदा सोडले. मुंबईमार्गे खाँसाहेब मिरजेशी कायमचे जोडले गेले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांची मुले पुढे मराठी घराघरांत पोहोचली.

मिरजच का महत्त्वाची?

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांचे हात वाद्यांकडे वळले. दरबारी गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवण्याची विद्या उभी राहिली. तानपुऱ्याचे मोठे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

खाँसाहेबांना हे गाव मानवले. ते स्वतः तानपुऱ्याची जवारी काढत, बिघडलेले वाद्य खोलून नीट करत. प्रवासातही दुरुस्तीची हत्यारे त्यांच्या सामानात असत.

जवारी म्हणजे काय?

तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद, किंचित गोलसर पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तार छेडली की ती या गोलाईला हलकेच घासत थरथरते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून ही घासण नेमकी साधली जाते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरही मोकळे होतात आणि आवाज भरून येतो. यालाच जवारी लागणे म्हणतात.

चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार छेडली की न वाजवलेला गंधार ऐकू येतो. ही जादू नाही. तार एकाच वेळी पूर्ण लांबीत आणि तुकड्यांतही कंप पावते. मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा जो स्वर निघतो, तोच हा गंधार.

किराणा गायकीचा सारा भर एकेका स्वरावर ठरण्यावर आहे. मागचा तानपुराच खोटा बोलला तर गायकाने स्वर लावायचा कशाच्या आधारावर? खाँसाहेबांच्या सामानातल्या हत्यारांचे कारण हेच होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या बावीस श्रुतींच्या संशोधनातही त्यांनी साथ दिली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी घडवला. सवाई गंधर्वांकडेच पुढे भीमसेन जोशी शिकले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना छातीत दुखू लागल्याने खाँसाहेब सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर उतरले. फलाटावर त्यांनी तानपुरा जुळवायला लावला, दरबारी रागात प्रार्थना गायली आणि प्राण सोडला, असे सांगितले जाते. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते.

जुना तानपुरा घेताना काय पाहाल?

• दांडी : एका टोकाला डोळा लावून सरळ रेषेत पाहा. दांडी वाकली असेल किंवा भोपळ्याच्या जोडाजवळ फट असेल तर व्यवहार थांबवा.

• भोपळा आणि तबली : हलक्या बोटाने टिचकी मारत फिरा. आवाज एकदम फुटका आला तर तिथे तडा असू शकतो. तबली घोडीखाली खचलेली नको. ताजे पॉलिश तडे झाकते, म्हणून पॉलिशआधीचे फोटो मागा.

• खुंट्या : तार चढवून अर्धा तास थांबा. स्वर टिकला पाहिजे.

• जवारी : घोडीवर तारांनी चरे पाडले असतील तर घाबरू नका. वापरातल्या वाद्याची जवारी अधूनमधून काढावीच लागते.

• हस्तिदंत : जुन्या वाद्यावर तो असू शकतो. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. शंका असेल तर वाद्य घेऊच नका.

जुन्या अकूस्टिक गिटारलाही हीच नजर लावा. तारा बदलता येतात, पण वाकलेली मान, फुगलेला वरचा पत्रा आणि उचललेला ब्रिज यांची दुरुस्ती महागात जाते.

थोडक्यात

बसका आवाज कारागीर परत आणू शकतो, पण वाकलेली दांडी पूर्वीसारखी होणे कठीण. म्हणून धूळ खाल्लेला, पण अंगाने धड तानपुरा चकचकीत पण तडकलेल्यापेक्षा चांगला सौदा ठरतो. किंमत ठरवतानाच जवारी आणि नव्या तारांचे पैसे बाजूला ठेवा. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. वाद्य पत्र्याच्या छताखाली किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या उतरवून, गवसणी घालून ठेवा.